बायडाबाईच्या लग्नाचं चित्र

वारूळवाडीच्या बायडाबाईकडं नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. पोरगा रविंद्र पाळण्यात होता तेव्हा नवरा साप चावून गेला, आणि त्या काळात मजुराच्या घरी फोटो कोण काढतंय! दुसऱ्यांच्या भिंतीवर हार घातलेले फोटो दिसले की तिला हेवा वाटायचा. पुढं पोरगा शिकून घोडेगावला ड्रॉइंगचा मास्तर झाला, तसा तिनं धोशाच लावला, "साऱ्या गावाची चित्रं काढतूस, बापाचं काढ की! मरायच्या आत एकदा बघू दे."

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात मास्तरनं चित्र आणलं एकदाचं, जुन्या लुगड्यात गुंडाळून, एसटीनं. आईबापाचं लग्न काढलं होतं. पण काय सांगावं! माणसं ताडासारखी लांब, हात गुडघ्याच्या खाली, जमीन निळी, आभाळ पिवळंधमक. नवरी पांढऱ्या लुगड्यात, तिला नाकडोळे नाहीत. आणि नवरा पाठमोरा.

शेजारची तानूबाई मेंढरं वाड्यात घालून बघायला आली न् तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया! नवरा जित्ता हुबा, आन् बायकू पांढऱ्यात? इपरीतच की!"

"आमच्यात लग्नाला पांढरंच नेसत्यात, तानूबाय," बायडाबाई म्हणाली. "त्याचं काय न्हाई. पर ह्ये पाठ फिरवून का हुबं?"

मास्तरला एवढंच निमित्त पुरलं. निळी जमीन म्हणजे नवा धम्म, पिवळं म्हणजे उजेड, बाप उजेडाकडं निघालाय, जुनं सारं मागं टाकून. लांब हात म्हणजे कष्ट. वर्गात शिकवावं तसा बोलत सुटला. तानूबाई जांभई देऊन घरी गेली.

बायडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रवी, तुला त्यांचं तोंडच ठावं न्हाई. म्हणून पाठमोरं काढलंस. व्हय ना?"

"कुठनं काढू, आये?" मास्तर एवढंच बोलला आणि त्याचे डोळे भरून आले.

बायडाबाईला वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. इतकी वर्षं वाट बघितली, आणि तोंड काही दिसलं नाही ते नाहीच. फणकाऱ्यानं आत जाऊन तिनं चहा टाकला. कप घेऊन बाहेर आली, तो लेकाच्या हातात दिला आणि चित्रासमोर उभी राहिली. तिच्या काळात बायकोनं नवऱ्याच्या बरोबरीनं चालायची रीत नव्हती. बाजाराला, मजुरीला, माहेराला, कुठंही जायचं तर तो पुढं आणि ही मागं.

"डावा खांदा चुकलाय," ती म्हणाली. "पोती वाहून वाहून लई खाली आला व्हता."

रविंद्रनं चहा तसाच ठेवला आणि रंग काढले. ती मागं उभी राहून सांगत गेली. "आजून खाली. आजून. मान जरा पुढं. बास!"

तो ब्रश धरून थांबला.

"आत्ता आलं बघ," बायडाबाई म्हणाली, आणि तिनं डोक्यावरचा पदर सावरला.