सिस्टरच्या वाटीतलं अंडं

शाळेत शिकवून घरी येताना माझ्या सायकलच्या मागे लागलेलं ते कुत्रं म्हणजे नुसता हाडांचा सापळा होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही वर्ध्याला भाड्याच्या घरात राहत होतो. माझ्या यजमानांचं धान्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. त्यांनी हसत हसत त्याला गव्हाच्या काट्यावर उभं केलं. नऊ किलो.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पंधरा तरी पाहिजे. जंताचं औषध द्या, अन् दिवसातून चारदा थोडं थोडं खाऊ घाला. एकदम भरवाल तर पोट बिघडन त्याचं."

मी हट्टाला पेटले. दूध-पोळी, वरण-भात, ताकात कुस्करलेली भाकर. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं, त्यामुळे दुसरं काही सुचायचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी काट्यावर चढवायचं. दहा झालं, अकरा झालं, साडेबारा झालं. शाळेत मी फुशारक्या मारायचे की हा सगळा माझ्या पोळ्यांचा प्रताप.

प्रताप कोणाचा, ते एका दुपारी शाळा लवकर सुटली तेव्हा कळलं. आमच्या शेजारी एक नर्सबाई राहत, त्यांना आम्ही सिस्टर म्हणायचो. बौद्ध कुटुंब. आमचं येणंजाणं चांगलं होतं. म्हणजे त्या यायच्या, मी फारशी जात नसे. त्यांच्या अंगणात आमचं कुत्रं स्टीलच्या वाटीतला भात चापत होतं, वर उकडलेलं अंडं.

"मॅडम, मटणाचं अळणी पानी हाय भातात," सिस्टर म्हणाल्या. "काऊन असा वाळून राह्यला म्हनलं, म्हनून देऊन राह्यली."

मला राग आला. माझी फुशारकी उतरली म्हणून आला, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. कुत्र्याला ओढत घरी आणलं आणि बांधून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वाटी घेऊन भिंतीपाशी आल्या. "बांधला तं बांधला, हे तेवढं खाऊ द्या त्याले."

मी वाटी घेतली आणि त्यांच्यादेखत नालीत ओतली. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी ती रिकामी, खरकटी, मधल्या भिंतीवर ठेवली. त्यांचा हात पुढे आलेला होता. त्या हाताला माझा हात लागू नये, म्हणून ठेवली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्यानंतर कुत्रं दूध-पोळीला तोंड लावेना. साडेबाराचं अकरा झालं, अकराचं दहा. डॉक्टर माझ्यावर खेकसले, "मॅडम, हट्ट पुरे करा. अंडं द्या, नाही तर हे जगत नाई." घरात अंडं आणायची माझी छाती नव्हती, सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. शेवटी मान खाली घालून, कुत्र्याला दोरीने धरून मी सिस्टरच्या दारात गेले.

त्यांनी एका शब्दाने ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. "आना त्याले इकडे," एवढंच म्हणाल्या. पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी मी त्याला तिकडे नेत होते. बरगड्या बुजल्या, अंगावर तकाकी आली, काटा पंधरावर गेला. सिस्टर मात्र आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांच्या अंगणात उभी राहायचे, त्याही आत या म्हणत नसत. माफी मागायचं रोज ठरवत होते आणि रोज ऊनपावसाचं बोलून परतत होते.

मग त्यांनी पिपरी मेघेला स्वतःचं घर बांधलं. जायच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधून झालं होतं, स्टोव्ह तेवढा बाहेर होता. कुत्र्यापुढे भात ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, चहा ठेवला असता, पन तुमच्याइकडे चालत नसन."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं की मला अवघड होईल. मी "ठेवा ना" म्हणायचं, बस्स, इतकंच होतं.

"नको, जरा घाई आहे," मी म्हणाले, आणि कुत्र्याचं खाणं संपल्यावरही कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.