राखाडी झाकणाची बाटली

आमच्या लाँड्रीत तिला सगळे सुई म्हणायचे. रफू करायची म्हणून, आणि बोलायची तेही टोचूनच म्हणून. तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. उलट मान ताठ व्हायची. मी काउंटरवर कपडे घ्यायचे, त्यामुळे तिचं काम गिऱ्हाइकाच्या हातात जाताना मी रोज बघितलं आहे. सिगारेटनं जळलेला कोट ती उलटा करायची, शिवणीच्या आतल्या बाजूचे धागे एकेक करून उपसायची आणि त्याच धाग्यांनी भोक असं विणून काढायची की ज्याचा कोट त्यालाही जागा दाखवता येत नसे. खिडकीजवळचं टेबल तिचं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत त्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

तिची सून आमच्याकडेच इस्त्रीवर होती. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा, चार-चार दिवस घरी नसायचा. सुनेला रफू शिकायचं होतं. सुईनं शिकवलंही, पण कसं? सुनेनं दोन दिवस बसून भरलेलं भोक सगळ्यांसमोर उजेडात धरायचं, कात्रीनं उसवायचं आणि म्हणायचं, "हे रफू नाही, खपली आहे. काढली की रक्त येईल." आम्ही हसायचो. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू? सून खाली मान घालून पुन्हा इस्त्रीकडे जायची.

मग सुईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डावा आधी पिकला. काळ्या कापडावर काळा धागा दिसेना, तेव्हा कुठे ती ऑपरेशनला तयार झाली. मुलगा बाहेरगावी, म्हणून सोबत सून गेली. आदल्या दिवशी नर्सनं दोघींना समोर बसवून दोन बाटल्या दिल्या. पांढऱ्या झाकणाची जंतू मारणारी, राखाडी झाकणाची सूज आणि दुखणं कमी करणारी. राखाडी बाटली आजपासूनच सुरू, दिवसातून तीनदा, ऑपरेशननंतर दोन आठवडे, आणि मग बंद म्हणजे बंद. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, साखर आहे का, दमा, सांधेवात, डोळे कोरडे पडतात का?

सुईला सात वर्षांपासून सांधेवात होता. सकाळी बोटं वळत नसत, नळसुद्धा दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. हे फक्त सुनेला माहीत होतं, कारण त्या वेळी स्वयंपाकघरात दोघीच असायच्या. बोटं गेली असं मालकाला कळलं तर टेबल जाईल, म्हणून सुईनं मुलालाही पत्ता लागू दिला नव्हता. तिनं नर्सला सांगितलं, काही नाही. सुनेनं तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "तू गप्प बस. तुला विचारलंय का?"

सून गप्प बसली.

ऑपरेशन छान झालं. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी डोळा तपासला, राखाडी बाटली बंद करायला सांगितली आणि काही दुखलं-खुपलं तर लगेच या म्हणाले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी सुई टेबलावर हजर. दुपार झाली की डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं. उरलेल्या औषधाचा एक थेंब टाकला की थांबायचं. बाटली संपली तेव्हा तिनं जुनी चिठ्ठी दाखवून दुसरी आणली. मग तिसरी. दर वेळी वेगळ्या औषधवाल्याकडून, म्हणजे कुणी हटकायला नको. दिवसातून सात-आठ वेळा टाकायची. बाटलीचं टोक पापणीला घासलं तरी तिला पर्वा नव्हती. मी एकदा आठवण करून दिली, तर म्हणाली, "डॉक्टरला रफू करायचं असतं का?"

सुनेला सुईच्या धाग्यांच्या डब्यात चार रिकाम्या बाटल्या सापडल्या. तिनं त्या मोजल्या, होत्या तशा परत ठेवल्या आणि डब्याला झाकण लावलं. हे तिनं पुढे मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

सातव्या आठवड्यात सुईचा डोळा लाल झाला, नजर धूसर झाली. दुखत मात्र नव्हतं, त्यामुळे ती निर्धास्त. एका सकाळी ती एका कोटावर वाकलेली असताना डोळ्यातून एकदम गरम पाणी आलं आणि कापडावर सांडलं. तिनं आधी कोट पुसला.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत होत फुटला होता. डॉक्टरांनी तिची सुजलेली बोटं बघितली आणि काय झालं असेल ते ओळखलं. ते म्हणाले, "हे औषध सूज उतरवतं, पण जास्त दिवस घातलं तर जखम भरू देत नाही. सांधेवात असेल तर पडदा विरघळूही शकतो. आणि दुखणं दाबलं गेलं, म्हणून तुम्हाला कळलंही नाही." भोकावर दुसऱ्या माणसाचा पडदा शिवला. तो तगला नाही. डावा डोळा कायमचा गेला.

मालकानं खिडकीजवळचं टेबल सुनेला दिलं आणि सुईला मागच्या खोलीत बटणं निवडायला बसवलं. मोठी एका डब्यात, लहान दुसऱ्या डब्यात. पहिल्याच दिवशी सुनेनं टेबलावरचा धाग्यांचा डबा उचलला, सासूच्या मांडीवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "हा तुमचा. मला नको." तेव्हा कुणी हसलं नाही.

वर्षभरात उजवा डोळाही पिकला. बटणं चाचपून निवडायची वेळ आली. या खेपेला दवाखान्यात सूनच बोलली. सांधेवात, चार बाटल्या, मागची लपवाछपवी, काही बाकी ठेवलं नाही. सुई शेजारी बसून मुकाट ऐकत होती. डॉक्टरांनी राखाडी बाटली दिलीच नाही. दुसऱ्या प्रकारचं औषध दिलं, तेही मोजके दिवस, आणि दर चार दिवसांनी डोळा दाखवायला बजावलं. सुनेनं बाटली आपल्या कपाटात कुलपात ठेवली. घड्याळ बघून यायची, साबणानं हात धुवायची, सासूची मान मागे टाकायची, खालची पापणी ओढून एक थेंब टाकायची आणि निघून जायची.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी डोळा खुपू लागला. सुईनं आणखी एक थेंब मागितला. सुनेकडे तिनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं असेल.

"थेंब मिळणार नाही," सून म्हणाली. "खुपतंय तर दवाखान्यात चला."

भर दुपारी गाडी करून तिनं सासूला नेलं. पडदा कोरडा पडून त्यावर बारीक ओरखडा उमटला होता. वेळेत सापडला, डॉक्टरांनी औषध बदललं, डोळा वाचला.

परतताना गाडीत सुईनं विचारलं, "डब्यातल्या बाटल्या तू बघितल्या होत्यास. का नाही बोललीस?"

"तुम्हीच गप्प बसायला सांगितलं होतं."

"तेवढ्यासाठी?"

सुनेनं तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "नाही. मला बरं वाटत होतं."

हे बोलणं मला दोघींनीही सांगितलं, वेगवेगळ्या वेळी, आणि शब्दाला शब्द जुळतो. मुलाला मात्र दोघींपैकी कुणीच सांगितलेलं नाही.

डोळा बरा झाल्यावर सुनेनं नवऱ्याला घेऊन तीन गल्ल्या पलीकडे वेगळं बिऱ्हाड केलं. सुई एकटी राहते. तपासणीला मात्र सूनच नेते, एकही तारीख चुकवत नाही. दवाखान्याच्या बाकावर दोघी मध्ये एका माणसाची जागा सोडून बसतात. नंबर पुकारला की सून उठते, आणि सासू तिच्या मागून आत जाते.