होऊन गेलेल्या सामन्यांचे अंदाज

दर रविवारी चार वाजता रंगनाथकाका टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसायचे, मांडीवर लांबट नोंदवही उघडायचे आणि अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सामन्यात कोण जिंकणार ते शाईने लिहून टाकायचे. मग कॅसेट लावायची. सामना मागच्याच वर्षी झालेला असायचा.

हे मला कळलं तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने येऊन मला दोन महिने झाले होते. मी देवगडकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, ह्यांना वाळूजला कारखान्यात काम लागलं म्हणून औरंगाबादला आले. ओळखीचं माणूस नाही, पाणी एक दिवसाआड, आणि खाली वाणी काय बोलतो ते निम्मं कळायचं नाही. काकूंनी हाक मारून खाली बसवलं नसतं तर मी कडी लावून नुसती रडत राहिले असते.

"काका, हा सामना होऊन गेलाय ना?" मी एकदा धीर करून विचारलं.

"व्हय."

"मग आता अंदाज कसला?"

"तुला निकाल ठाऊक हाय?"

"नाही."

"मला बी नाय. मग आपल्यापुरता कुठं झालाय?"

यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण कुठे ते सापडेना. काकांपुढे माझं नेहमी असंच व्हायचं.

काका मूळचे करमाडचे. बसस्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होईपर्यंत खिडकीत बसून गाड्या सोडल्या. एकुलता एक मुलगा विलास अमेरिकेत. त्याने एकदा सामना पाहिला आणि त्याची कॅसेट आईवडिलांना पाठवली, कारण गर्दीत कुठेतरी तो बसला होता. तिकडची कॅसेट इकडच्या मशीनवर लागत नाही म्हणून पुढच्या खेपेला मशीनही आणून दिलं. ते आपल्या टीव्हीला जोडलं की चित्र काळंपांढरं यायचं. विलास काही कुणाला दिसला नाही. काकांना मात्र खेळ दिसला, आणि तो त्यांना सुटेना. मग विलास दरवर्षी मागच्या हंगामातल्या पन्नासेक कॅसेटी पाठवू लागला. काका आठवड्याला एकच लावत. काकू शेजारी बसून फक्त प्रेक्षकांकडे बघत. "अगं बाई, थंडीत टोपी नाही घातली त्या पोरीनं," असं काहीतरी पुटपुटत.

मला त्या खेळातलं काही म्हणजे काही कळलं नाही. पपईएवढा चेंडू, दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीमागे तोंडं लपवलेले दांडगे पुरुष, एक शिट्टी, सगळे एकमेकांच्या अंगावर, पुन्हा शिट्टी. रंगच नसल्याने संघही ओळखू येत नसत. काका त्यांना गडदवाले आणि फिकेवाले म्हणायचे. पुढच्या रविवारी तेच गडदवाले का, असं विचारलं तर म्हणायचे, "नाय गं, हे येगळे गडदवाले."

समजावून मात्र मन लावून सांगायचे. "हे बघ पोरी, चार खेपा मिळत्यात. चार खेपांत धा वार पुढं गेलं पायजे. गेलं की परत चार. आणि हा मधला, हा कंट्रोलर. समद्या गाड्या हाच सोडतो."

"आणि तो कडेला ओरडतोय तो?"

"डेपो मॅनेजर. त्याच्याकडं ध्यान नको देऊ."

त्यांची मतं सगळी बसस्टँडवरची. "गडदवाल्यांचा कंट्रोलर हुशार हाय, पण घाबरट. गाडी फलाटाला लागायच्या आधीच सोडतो." किंवा, "फिकेवाले लई ताकदीचे, मान्य. पण एक बी माणूस टायमावर जागेवर नाय. हरणार. लिहून ठेव." लिहून ठेवायचे ते स्वतःच. वहीत दोन रकाने: नियोजित आणि प्रत्यक्ष. गाड्यांच्या वेळा जशा लिहीत तसेच. नियोजितमध्ये निळी शाई, प्रत्यक्षमध्ये लाल. दोन्हीत एकच नाव असं पान मी क्वचितच पाहिलं. तरी पुढच्या रविवारी परत शाईनेच लिहायचे.

त्या वर्षी ह्यांचा कारखाना बंद होणार अशी कुणकुण आली. हे म्हणू लागले, गावी जाऊ. गावी म्हणजे दिराच्या घरात, जावेच्या हाताखाली. मी काकूंजवळ डोळे पुसले. गल्लीच्या टोकाला बालवाडी होती, तिथे बाई हव्या होत्या, पण दहावी पास पाहिजे. मला ती नोकरी मिळाली तर आम्हाला इथे राहता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी काका दहावीला बाहेरून बसण्याचा अर्ज घेऊन आले. "भर," म्हणाले. मला भरता येईना. त्यांनीच भरला. सही तेवढी माझी. मग हिवाळाभर सकाळी मला गणित शिकवलं. करमाडहून एक गाडी सुटली, वेरूळहून दुसरी, कुठे भेटतील. मला गाड्या भेटल्यावर काय होतं तेच कळायचं नाही. ते चिडायचे, चहा मागवायचे, परत सुरू. त्यांनी माझ्यासाठी केलं तेवढं माझ्या माहेरीही कुणी केलं नाही.

परीक्षा झाली. काकांनी वहीत निळ्या शाईने लिहिलं : फर्स्ट क्लास.

जूनमध्ये निकाल लागला. मी गेलेच नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन. चौथ्या दिवशी काका जिन्याच्या चार पायऱ्या चढून वर ओरडले, "निकाल काय?"

"नाही पाहिला."

"कशापायी?"

"तुम्हीच म्हणता ना काका, ठाऊक नाही तोवर आपल्यापुरता झालेला नाही."

मला वाटलं, आता हसतील. त्यांचा चेहरा असा उतरला की मी कठडा धरला. "खामोखा माझं बोलणं माझ्यावर फेकू नको," ते म्हणाले. "मी कॅसेटपुढं तोंड करून बसतो. हरले तर हरताना बघतो. तू पाठ करून बसलीस. चप्पल घाल."

ते बरोबर आले. शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहिले. गणितात मी नापास होते. पस्तीसला सात कमी. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहायलाच नको होतं मी." माझ्या गणिताचा त्यांच्या लिहिण्याशी काय संबंध, ते मला कळलं नाही. मीच त्यांची समजूत घातली. कारखाना अजून रडतखडत चालू होता. ऑक्टोबरचा अर्ज मात्र मी माझ्या हाताने भरला.

परीक्षेआधीच विलास आला आणि दोघांना घेऊन गेला. जाताना काकांनी मला घराची किल्ली दिली आणि सांगितलं, निकाल कळव.

डिसेंबरात त्यांचं पत्र आलं. तिकडे थंडी फार, चहा पाण्यासारखा. सामने आता चालू असतानाच दिसतात, रंगीत, आणि "अंदाज लिहीपर्यंत हे लोक निम्मा डाव खेळून मोकळे होतात, आपलं डोकंच चालंना." खाली, निळ्या शाईत, एकच ओळ वेगळी : "पोरी, तू गणितात परत नापास होणार. लिहून ठेव."

मी ते पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले. पत्र यायच्या आदल्या आठवड्यातच, निकाल लागला त्याच दिवशी, मी एकटी जाऊन तो पाहून आले होते. पास होते. बालवाडीत सोमवारपासून बोलावलंही होतं. आणि ज्या माणसाने हिवाळाभर शिकवलं तो म्हणतो, नापास होणार. आधी राग आला. मग फर्स्ट क्लासचं ते पान आठवलं, आणि वाटलं, त्यांना स्वतःच्या अंदाजांची भीती वाटली असेल. मग वाटलं, छे, खरंच तसं वाटलं असेल. मी रडले की हसले तेही आता नक्की सांगता येणार नाही.

"काका, तुमचा अंदाज चुकला," एवढंच लिहून पाठवलं.

उत्तर काकूंचं आलं. त्यानंतर चार महिन्यांनी काका तिकडेच वारले, पण हे पत्र त्याआधीचं. काकूंनी लिहिलं होतं : "तुझं कार्ड आलं तसं हे कोट चढवून शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे गेले आणि त्याला उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. मी म्हटलं, अहो, त्याला मराठी येतं का? तर म्हणतात, नाय येत. पण पूर्ण ऐकून घेतलं त्यानं."