घोड्यावरच्या सनईवाल्याचे पाचवे रीळ

गेल्या महाशिवरात्रीच्या यात्रेत औंढा नागनाथला एका मूकपटाची चार रिळे दाखवली गेली. पाचवे दाखवले गेले नाही. ते माझ्या कपाटात होते.

पाचही रिळे मी हट्ट्याच्या एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजच्या वारसांकडून मिळवली होती. सुरुवातीची पाटी गळालेली, त्यामुळे नाव कळत नाही. वरातीच्या गर्दीत एक सनईवाला चुकून नवरदेवाच्या घोड्यावर बसतो आणि उतरायची लाज वाटते म्हणून बसूनच राहतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू येते आणि थोड्या वेळाने येईनासे होते. ते बघण्यासाठी मी तिसरे रीळ कितीदा तरी लावले आहे.

पाचवे ओलीने चिकटले होते. मी ते हाताने सोडवत होतो, तेव्हा माझा जुना मित्र, सेनगावचा मंडपवाला, उरलेली चार पाहायला म्हणून घेऊन गेला. ती परत आली नाहीत. यात्रेच्या फलकावर लिहिलेले दिसले: आजोबांच्या संग्रहातून.

यात्रेतल्या खेळाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“पाचवं काहून अडवून राहिला बे?”

“आजोबाची पेटी धुंडाळ,” मी म्हणालो. “चार ठेवली त्यांनी, तर पाचवं बी तिथंच असंन.”

यात्रेत मी पुढे बसलो. रीळ तुटले की माइकवाल्याने गोष्ट पुढे न्यायची, ही तंबूवाल्यांची जुनी रीत. चौथे रीळ संपल्यावर मित्राने स्वतःच माइक घेतला. नवरदेव पळून गेला आणि नवरी सनईवाल्याला मिळाली, असे सांगितले.

तांड्यावरची एक म्हातारी म्हणाली, “मंग त्याच्या लग्नात सनई कोन वाजवली?”

 मंडप चित्रपटाला हसला नव्हता इतका हसला. मीही हसलो, त्याला दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी तो चारही डबे घेऊन दारात आला. मी डबे उघडून तपासले. त्याला बस म्हटले नाही.

“लै झालं आता,” तो म्हणाला. “शेवट तेवढा दाव.”

शेवट त्याने साऱ्या यात्रेला सांगितलाच आहे, असे मी म्हणालो आणि दार लावले.

नंतर हट्ट्याला शाळेच्या आवारात मी पूर्ण चित्रपट लावला. चौथे रीळ संपताना तो मागे उभा दिसला. मी प्रोजेक्टर बंद केला. तो फाटकाबाहेर गेल्यावर पाचवे लावले.

ते त्याने अजून पाहिलेले नाही.