दोन होड्यांमधली जागा

शिडाची होडी पाण्यावर चालवणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ती परत आणून धक्क्याला लावणं. हे वाक्य माझ्या यजमानांचं. ते गेल्याला आता बराच काळ झाला, पण माझ्या डोक्यात त्यांची बहुतेक वाक्यं होडीचीच उरली आहेत. संसाराबद्दल ते फार बोलत नसत.

आमचं घराणं म्हैसूरचंच. पूर्वज कधी आणि का आले हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. राज्यं भाषांवर नव्यानं आखली गेली तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांनी सासऱ्यांना विचारलं होतं, आता तरी इकडे येणार का? सासरे म्हणाले, इकडे म्हणजे कुठे? घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं आमचं चाललं होतं आणि तसंच चालत राहिलं. यजमान मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. मूलबाळ नाही.

घरात एक रीत होती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. भावजी जेवायला बसले की मी हातभर अंतरावर वाढायला उभी असायची आणि ते माझ्या जाऊबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, आमटी जरा आळणी झाली आहे." मी जाऊबाईंना म्हणायची, "त्यांना विचारा, भात वाढू का?" जाऊबाई आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीतल्या खिडकीसारख्या. कधी कंटाळून म्हणायच्या, "अय्यो, ऐकलं की त्यांनी! मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे?" पुढे आमची बिऱ्हाडं वेगळी झाली, पण रीत मोडली नाही. मी शिकलेली, पुस्तकांत राहणारी, पण मीही मोडली नाही. माझ्या यजमानांची रीत वेगळी नव्हती. ते भावाशी बोलत, पण त्याला कधी काही सांगत नसत. अण्णा म्हणतील तसं.

धरणाच्या फुगवट्यावर एक छोटा क्लब होता. लाकडी फळ्यांचा धक्का, त्याला कडेकडेनं लावलेल्या आठ-दहा होड्या. यजमानांनी कारखान्यातल्या एका सोबत्याकडून जुनी होडी घेतली आणि दोन वर्षं अंगणात ठेवून नव्यासारखी केली. धक्क्यावर आम्हाला जागा मिळाली ती सर्वांत वाईट. पुढे एक होडी, मागे एक होडी, मध्ये आमची होडी जेमतेम मावेल एवढी फट. शिवाय जवळच कालव्याचं तोंड. शेतीसाठी कालव्याचे दरवाजे उघडले की धक्क्याच्या कडेनं पाण्याला ओढ लागायची. आषाढ-श्रावणात वारा नेमका उलट्या बाजूनं.

"वाऱ्याकडे तोंड करून यायचं," ते म्हणायचे, "आणि वेळेवर शीड सैल सोडायचं. शीड फडफडायला लागलं की होडीचा जोर जातो. पण इथे मागून पाणी ढकलतं, म्हणून वाटतं त्याच्या बरंच आधी सोडायचं. धक्क्याला लागताना होडी जवळजवळ थांबलेली हवी. पूर्ण थांबली तर सुकाणू ऐकत नाही." आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिला दोर मागचा बांधायचा. पाणी मागून ढकलत असताना पुढचा दोर आधी ओढला, की होडीचं शेपूट बाहेर फिरतं, पाणी त्याला धरतं, आणि मग ती होडी कुणाचीच नसते.

हे सगळं त्यांना माहीत होतं. तरीही एका रविवारी त्यांची दोन बोटं चिरडली.

त्या दिवशी भावजी सहकुटुंब सहलीला आले होते. यजमान एकटेच होडी घेऊन परत येत होते. मी जाऊबाईंबरोबर किनाऱ्यावर डबे उघडत होते. भावजी धक्क्यावर उभे राहिले, वाकले, आणि होडीचा पुढचा दोर धरून ओढायला लागले. थोरला भाऊ मदत करतो आहे. यजमानांनी पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. तोंड उघडलं आणि मिटलं. "अण्णा, जरा..." एवढंच ऐकू आलं. शेपूट फिरलं, होडी पुढच्या होडीवर चालली, आणि तिला वाचवायला त्यांनी मध्ये हात घातला.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "माझीच चूक." भावजींनी जाऊबाईंना सांगितलं, आणि मी ऐकावं एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "याला होडी चालवता येते, लावता येत नाही." पुढे ती घरातली थट्टा झाली. लग्नकार्यात कुणी गाडी वाकडी उभी केली की भावजी म्हणायचे, "हा बघा, आमच्या धाकट्याचा चेला!" सगळे हसायचे. यजमानही हसायचे. मला ते हसणं अजून सहन होत नाही. माणूस गेला म्हणून त्याच्या सगळ्याच गोष्टी गोड होत नाहीत.

त्या बोटांनी दोर धरवेना, म्हणून मी होडीवर जाऊ लागले. आधी मी पुस्तकं वाचली, ही माझी सवय. मग ती बाजूला ठेवली. ते मागे बसून हळू आवाजात सांगायचे, मी करायची. कितीतरी वर्षं शनिवार-रविवार असेच गेले. शेवटी शेवटी ते सांगेनासे झाले, नुसते बसायचे. मला वाटायचं मला येतं म्हणून गप्प आहेत. ते दमलेले होते.

ते गेले ते घरीच, दुपारी, वर्तमानपत्र वाचताना. भावजी आले, भावाच्या पायाशी बसले, खूप रडले. ते खरं रडणं होतं, ते मी नाकारत नाही. मी कोपऱ्यात कोरडी बसले होते. थोड्या वेळानं ते जाऊबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, रडून घे." त्या क्षणीसुद्धा मध्ये कुणीतरी लागत होतं.

दोन-तीन महिन्यांनी क्लबचा निरोप आला. धक्क्यावर जागा थोड्या, मागणारे पुष्कळ. सभासद वारला की जागा पुढच्याला जाते. मी सेक्रेटरींना भेटले. सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सभ्य. ते म्हणाले, "मॅडम, होडी तुम्ही स्वतः चालवत असाल तर जागा तुमची. पण कमिटीसमोर एकटीनं आणून लावून दाखवावी लागेल. धक्क्यावरच्या कुणी हात लावायचा नाही. कुणाचं नुकसान झालं तर मग मी काही करू शकणार नाही."

भावजींचं म्हणणं जाऊबाईंनी आणलं. होडी कृष्णराजनगरच्या कुणा ओळखीच्याला देऊन टाकावी. तिकडे नदीवर वापरेल. "ते म्हणतात, वर्षसुद्धा झालं नाही आणि ही पाण्यावर फिरते, लोक काय म्हणतील?"

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी? मला कधी कुणी विचारलंय? मी आपली तिकडचं इकडे." मग त्या म्हणाल्या, "ठेव की गं. सुम्मने, उगाच कशाला द्यायची?"

घरातले यजमानांचे कपडे वाटले गेले होते. स्कूटर पुतण्याकडे गेली होती. त्यांची बसायची खुर्ची भावजींकडे गेली होती, आठवण म्हणून. होडी तेवढी माझ्याकडे होती, आणि त्या फटीत ती मला लावता आली तरच राहणार होती.

परीक्षेच्या दिवशी वारा जोराचा होता आणि कालवा उघडलेला. सेक्रेटरी आणि आणखी दोघे धक्क्यावर खुर्च्या टाकून बसले होते. मी होडी सोडली, एक फेरी मारली, आणि वळले तेव्हा धक्क्यावर भावजी दिसले. पांढरा शर्ट, हातात छत्री, बाजूला जाऊबाई. मी बोलावलं नव्हतं. नंतर कळलं, जाऊबाईंच्याच तोंडून त्यांना दिवस कळला होता.

मी वाऱ्याकडे तोंड करून आले. शीड लवकर सोडलं, वाटतं त्याच्या बरंच आधी. ते फडफडायला लागलं. मागची होडी मागे राहिली, हात लावता येईल एवढ्या अंतरानं. पाणी ढकलत होतं पण हळू. मागचा दोर माझ्या एका हातात, दुसऱ्यात सुकाणू. सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर मला आधी कधी जमलं नव्हतं.

आणि भावजींनी छत्री खाली ठेवली, वाकले, आणि पुढचा दोर धरला.

"सर, प्लीज," सेक्रेटरी खुर्चीतून उठत म्हणाले. भावजींनी तिकडे पाहिलंही नाही. घरातला थोरला माणूस घरच्या होडीचा दोर धरतो आहे, त्यात बाहेरच्यानं काय बोलायचं? त्यांनी ओढलं. मला होडीचं शेपूट बाहेर जाताना अंगात जाणवलं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. खरंच पाहिलं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. त्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

"सोडा!" मी ओरडले. "दोर सोडा! सोडा म्हणते ना!"

त्यांनी सोडला. दचकून सोडला, असंच म्हणावं लागेल. होडीचं नाक सुटलं, सुकाणूनं अजून थोडं ऐकलं, आणि शेपूट परत आत आलं. मी मागचा दोर घेऊन फळीवर पाय टाकला आणि खुंट्याला वेढा दिला. होडी थांबली. पुढच्या होडीला लागली नाही, मागच्या होडीला लागली नाही.

कमिटीतले एक गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले आणि मग थांबले, कारण बाकी कुणी वाजवत नव्हतं. भावजी छत्री उचलून मोटारीकडे निघाले होते. सेक्रेटरी म्हणाले, "त्यांनी दोर ओढला ते आम्ही धरत नाही, मॅडम. उलट..." पुढचं त्यांनी गिळलं. जागा माझ्या नावावर झाली.

भावजींना मदतच करायची होती, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणते. पहिल्या वेळीही मदतच होती. मदत करणाऱ्याला नको म्हणता येत नाही, एवढ्यासाठी माझ्या नवऱ्यानं दोन बोटं दिली आणि वर चूक स्वतःच्या नावावर घेतली. मला त्यांचा राग येतो. भावजींचा येतो त्याहून जास्त येतो. एक शब्द होता. त्यांना मराठी माझ्याइतकीच येत होती.

भावजी नंतर आमच्याकडे आले नाहीत. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा मी जाऊबाईंना फोन केला. मुलगा नाही, श्राद्ध थोरल्या भावानंच करायचं. गुरुजींना कधी बोलवायचं, घरी करायचं की मठात, हे विचारायचं होतं.

जाऊबाई आधी माझ्या तब्येतीचं विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं गं ते. काल. तिथीआधीचाच दिवस काढला, आमच्याकडेच केलं."

"मला सांगितलं नाही?"

"ते म्हणाले, तिला कळवायला मध्ये कुणी कशाला हवं? तिला आता थेट बोलता येतं." त्यांचा आवाज रडवेला होता की नुसता थकलेला, मला कळलं नाही. "माफी माग म्हणतात."

"कशाची?"

"ते मला नको विचारू. आता तूच विचार की."

मी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याचं वर्षाचं पान माझ्याशिवाय वाढलं गेलं, आणि तिथे जेवलेल्यांपैकी एकानंही नंतर मला त्याबद्दल सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मी गुरुजींना स्वतः गाठलं. ते म्हणाले, थोरले बंधू हयात आहेत, ते करतात, मग दोन ठिकाणी कशाला? मी दक्षिणा देऊन घरी आले. तेव्हापासून त्या तिथीला मी रजा घेते, बसनं धरणावर जाते आणि होडी बाहेर काढते. पाण्यावर काही करत नाही, काही म्हणत नाही. दुपारी परत येऊन ती त्या फटीत लावते, दोर घट्ट करते, आणि अंधार पडायच्या आत घर गाठते.