दोऱ्याचं दुसरं टोक

उन्हात तापलेल्या टायरचा वास आला की मला नळदुर्गबाहेरचं आमचं अंगण आठवतं. त्या दुपारी मी तिथंच होते; दुसऱ्या दिवशी माळावर आखलेल्या वळणांतून घड्याळ लावून गाडी पळवायची माझी पहिली शर्यत होती, आणि गाडी उलटेल या धास्तीनं अम्मीनं माझ्याशी बोलणंच सोडलं होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरे ताणून मी पुढच्या चाकांचा कोन जुळवत होते. गाडी चटकन वळावी म्हणून चाकं पुढून किंचित बाहेर उघडी ठेवायची होती, पण वाऱ्यानं दोरा सारखा थरथरायचा. कडुनिंबाची सावली पत्र्यावरून संथ सरकत होती, लांब हायवेवर ट्रक घुमत होते. एकाएकी दोरा स्थिर झाला. मागं अम्मी उकिडवी बसली होती, दोऱ्याचं टोक चिमटीत धरून. मी नट आवळेपर्यंत ती हलली नाही. मग चाकाकडं बघत म्हणाली, "वाकडं दिसतंय की गं." "वळायला तसंच लागतं, अम्मी." "आन् सरळ रस्त्याला?" "तिथं गाडी जरा भटकती. स्टिअरिंग घट्ट धरायचं." ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. "चल, दाव." माळावरच्या पहिल्या वळणाला तिनं डोळे मिटले, दुसऱ्याला ओढणी उडाली आणि ती खळखळून हसली. धुळीचा सोनेरी पडदा आमच्या मागं तरंगत राहिला. शर्यतीत मी मागंच राहिले. आता मीही आई आहे. भीती पोटात ठेवून लेकीशेजारी बसायला काय लागतं, ते मला आत्ता कुठं कळतंय.