वगळलेले दिवस

हवेतले कण मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. मागच्या वर्षी खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला. सूत्रसंचालकाने माझ्या ज्या शोधनिबंधाचं कौतुक केलं, त्याबद्दल मला काही बोलावंसं वाटलं नाही.

त्या निबंधासाठी मी डोंगराच्या पायथ्याशी, नेरे गावात, एका फार्महाऊसच्या गच्चीवर हवा ओढून घेणारं यंत्र बसवलं होतं. समुद्राकडून आलेली हवा डोंगरापाशी पोचते तेव्हा तिच्यात काय असतं, ते पाहायचं होतं. यंत्रातला पांढरा, कागदासारखा फिल्टर रोज सकाळी बदलावा लागे. ते काम तिथे केर काढायला येणारी एक कातकरी बाई करायची. बाकीचा दिवस ती शेजारच्या वीटभट्टीवर नवऱ्याबरोबर राबायची. फिल्टरला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलून डबीत ठेवायचा, हे मी तिला एकदाच दाखवलं. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा तिचा हात स्थिर होता.

भट्टी पेटली की फिल्टर काळेकुट्ट निघायचे. ते ती वेगळ्या पिशवीत ठेवायची आणि मी गेले की आधी तीच पिशवी पुढे करायची.

"बघ बाय, केवढा काला आलाय. ह्यो आमच्या छातीत जातोय." बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ यायची. "तुज्या सायबाला सांग."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलंही. आमच्या विभागप्रमुखांनी आलेख पुढे ओढला आणि त्यातली उंच टोकं पेन्सिलने खोडत गेले.

"हा स्थानिक धूर आहे. हे दिवस वगळा."

"सर, पण त्या दिवशी तिथली माणसं हीच हवा घेत होती."

"तुम्हाला पेपर छापायचाय की भाषण करायचंय?"

पदोन्नतीच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या. मी दिवस वगळले. शास्त्राच्या दृष्टीने सरांचं चुकतही नव्हतं, हे जास्त टोचतं. प्रश्नच आम्ही असा निवडला होता, की तिचा धूर त्यात नुसती अडचण ठरावा.

निबंध छापून आला. आभार फार्महाऊसच्या मालकाचे मानले होते. तिचं नाव घालावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. पदोन्नती मिळाली.

यंत्र उतरवायला गेले तेव्हा ती जिन्याखाली उभी होती. आवाज पार बसला होता.

"आमच्या काल्या कागदांचा काय झाला?"

"वर पाठवलेत," मी म्हटलं. ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होते. पुढे खोली बदलताना शिपायाने ते कचऱ्यात टाकले, तेव्हा मी तिथेच होते.

तिने मागे वळून कुंपणापलीकडच्या बाईला हाक मारली, "सायेब येनार हाय गं बघायला!" मग मला विचारलं, "कवा येतील?"

"लवकरच."

नेरे माझ्या घरापासून रिक्षाने फार तर अर्ध्या तासावर आहे. साहेब सोडा, मीही पुन्हा तिकडे फिरकले नाही.